कारंज्याच्या सर्कलवर अक्का गप्प बसल्या

अक्कांना गाडी चालवता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांच्या घरात ते कुणालाच पटलं नसतं. आता स्टिअरिंग त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं हे खरं. ब्रेक कुठल्या पायाखाली असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण म्हणून काय झालं? भाजी चिरणारी बाई ठेवली म्हणून स्वयंपाक तिचा होतो का? स्टिअरिंग फिरवायचा तो बाळ, आणि गाडी चालवायच्या त्या अक्का.

बाळ म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. डोक्यावर टक्कल, डोळ्यांवर जाड चष्मा, विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. तिथे त्याला सगळे सर म्हणत, उठून उभे राहत. पण गाडीत बसला की सर खाली उतरायचे आणि बाळ आत यायचा. मागच्या सीटवर बरोब्बर मधोमध अक्का बसायच्या, पाठीला उशी, मांडीवर पर्स, आणि सुरू व्हायच्या.

"दमानं. आता डावीकडे. त्या सायकलवाल्याकडे बघ, त्याच्या मनात काहीतरी आहे. हां, आता जा."

आणि खरंच सायकलवाल्याच्या मनात काहीतरी असायचं. तो अचानक आडवा यायचा, आणि बाळने आधीच गाडी आवरलेली असायची. इतकी वर्षं गाडीला एक ओरखडा नाही. याचं श्रेय कुणाचं, हे काय सांगायला हवं?

लोकांना वाटे, म्हातारीला हुकूम सोडायची हौस. हौस होतीच, नाही कोण म्हणतं! पण त्यात आणखी एक होतं, जे अक्का कुणाला सांगायला गेल्या नाहीत. त्या 'डावीकडे' म्हणाल्या की अख्खं गाव डावीकडे वळायचं. गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, न्हाव्याच्या आरशातला साबण फासलेला चेहरा, शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, सगळं कसं हळूच, न कुरकुरता, काचेमागून वळत जायचं. जन्मभर जिला चार भिंती हलवता आल्या नाहीत त्या बाईच्या एका शब्दावर रस्तेच्या रस्ते फिरायचे. मागच्या सीटवर बसून अक्का उघड्या डोळ्यांनी स्वप्न बघायच्या, आणि वर त्या स्वप्नाने कुठे वळायचं हेही सांगायच्या.

तर झालं असं, की बाळला बढती मिळाली. डोंगरापलीकडच्या गावात शाखेचा मॅनेजर. राहायला जायची गरज नाही, रोज गाडीने जायचं-यायचं. मोठे साहेब म्हणाले, "होय की नाही ते शनिवारी दुपारपर्यंत तिथेच येऊन सांगा. मी त्या दिवशी तिकडे आहे. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे."

बाळ म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

रात्री जेवताना त्याने विचारलं. अक्का म्हणाल्या, "घे की! मी कुठे नाही म्हणते? सकाळी कितीला निघायचं आपण?"

सूनबाईने हातातला डाव पातेल्यात ठेवला. ही सूनबाई शाळेत मुलांना चित्रकला शिकवायची, घरात फार बोलायची नाही. पण जे बोलायची ते जपून ठेवलेलं असायचं.

"आपण नाही, आई," ती म्हणाली. "हे. एकटे."

"एकटा?" अक्का म्हणाल्या.

"एकटा?" बाळ म्हणाला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

मग त्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोघं लागतात आणि सूनबाई गप्प होती. शेवटी ठरलं ते असं. शनिवारी सकाळी तिघांनी निघायचं. गाडी बाळने चालवायची. अक्कांनी मागे बसायचं, पण डोंगरापलीकडे पोचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. सूनबाईनेही नाही. बाळ नीट पोचला तर साहेबांना होय म्हणायचं. मध्ये अक्कांना तोंड उघडावं लागलं, तर नाही. अक्कांनी पैज लावली नाही. पैजा रिकामटेकडे लावतात. त्यांनी शब्द दिला.

बातमी जिन्यावरून खाली गेली आणि सल्ले घेऊन वर आली. डोंगराच्या रस्त्याला पोलीस अडवतात, असं कुणीतरी म्हणालं आणि शुक्रवारी संध्याकाळी अक्कांच्या दारात ज्याला त्याला आपापला पोलीस आठवला. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "मला अडवलं तेव्हा मी काच चार बोटंच खाली केली. पूर्ण काच खाली करणारा माणूस आधीच अर्धा गुन्हेगार दिसतो." खालची शिवणकाम करणारी म्हणाली, "अक्का, रडायचं. मी अशी रडले, अशी रडले, की त्या पोलिसाने माझी स्कूटर घरापर्यंत ढकलत आणली आणि जाताना ब्लाउजचं मापही देऊन गेला, बायकोचं हो!" औषधाच्या दुकानवाल्याने सिग्नल तोडला तेव्हा पोटात कळ आली असं सांगितलं होतं. पोलीस सज्जन निघाला, त्याने पुढे सायरन वाजवत याला थेट दवाखान्यात नेलं, आणि बिचाऱ्याचं अपेंडिक्स काढूनच सोडलं. "पण खराब निघालं होतं ते," तो पोटावर हात फिरवत म्हणाला. "खोटं बोललो म्हणून वाचलो."

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या गाडीला कोण अडवतंय!"

शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर गावच नव्हतं. धुकं! असलं धुकं, की फाटकापाशी ठेवलेली बादली कुठे गेली ते पायाला लागल्यावर कळलं. बाळ म्हणाला, "आई, जायचं ना?" अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांचा शब्द उंबऱ्यापासून सुरू झाला होता. खोकल्याची एक गोळी त्यांनी गालात धरली, म्हणजे तोंडाला काहीतरी काम राहील, आणि जाऊन मागे बसल्या.

गाडी निघाली. गाडी कसली, होडी निघाली. दिवे पिवळे, घरं पांढरी, माणसं अर्धी. कुणाचं नुसतं डोकं चाललेलं, कुणाची नुसती पिशवी. अक्का ओठ मिटून बसल्या होत्या. गल्लीतून बाळ नीट बाहेर पडला, कारण गल्लीला दुसरं तोंडच नव्हतं. मोठ्या रस्त्यावरही तो सरळ गेला. सरळ जायला सल्ला लागत नाही. पुढे बाळशेजारी बसलेल्या सूनबाईने आरशातून एकदा मागे पाहिलं. अक्कांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आणि मग कारंज्याचं सर्कल आलं.

मधोमध बंद पडलेलं कारंजं, त्यात तोंड उघडून बसलेले दगडी मासे, भोवती गोल रस्ता, आणि त्या गोलातून निघणारे पाच रस्ते. पाचही पांढरे. पाट्या असतील, पण वर धुक्यात. बाळ सर्कलमध्ये शिरला, त्याचे हात वळायला तयार झाले. पण त्याचे हात वळायचे ते शब्दावर. शब्द आला नाही. पहिला रस्ता गेला. दुसरा गेला. बाळने खांदे थोडे मागे केले, कान दिल्यासारखे. तिसरा गेला, चौथा गेला, पाचवाही गेला आणि पुन्हा दगडी मासे आले.

दुसरा फेरा. तिसरा.

सूनबाईला रस्ता ठाऊक होता. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होती. अक्कांना तर रस्ता असा दिसत होता जसा तळहात. तिसरा, सराफाच्या दुकानाला लागून! जिभेच्या टोकावर 'डावीकडे' येऊन उभं होतं आणि वर गोळी बसली होती. पहिल्यांदा त्यांना राग आला. मग हसू आलं. मग कुठल्याशा फेऱ्याला रागही विरघळला आणि हसूही. सराफाचे दिवे, चहाच्या गाडीची वाफ, काठी टेकून उभा असलेला पोलीस, दगडी मासे. पुन्हा दिवे, पुन्हा वाफ, पुन्हा पोलीस, पुन्हा मासे. कुणीतरी पाळण्याला झोका देऊन निघून गेल्यासारखं. कुठे जायचं नाही, कुठून यायचं नाही, कुणी मॅनेजर व्हायचं नाही आणि कुणी एकटं जायचं नाही. अक्कांना वाटलं, असंच राहिलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते पोलिसाचं. तो होता एक सर्दी झालेला, गोल पोटाचा हवालदार. गाडी पहिल्यांदा गेली तेव्हा त्याने बघितलं नाही. पुन्हा गेली तेव्हा मान हलवली. पुन्हा आली तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस बंदोबस्त तपासायला आलं, म्हणून त्याने टोपी सरळ करून सलाम ठोकला. बाळनेही मान लववली, आपला स्वभावच नम्र. पुढच्या फेऱ्याला हवालदाराने पुन्हा सलाम केला, जरा हळू. त्याच्या पुढच्याला केलाच नाही. आणि मग शिट्टी वाजली.

धुक्यात शिट्टी कुठूनही येते. बाळला वाटलं दुसऱ्या कुणाला. तो आणखी एक फेरा मारून आला, तेव्हा हवालदार दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभा होता.

बाळने काच चार बोटं खाली केली.

"पूर्ण करा!" हवालदार शिंकत म्हणाला. काचा आतून धुरकटलेल्या, त्याला आतलं काही दिसेना. "गाडी कोण चालवतंय?"

"आई," बाळ म्हणाला.

हवालदाराने वाकून पाहिलं. "त्या तर मागे बसल्यात."

"हो. मागूनच चालवते ती."

"आज चालवत नाहीत," सूनबाई पुटपुटली. आपणही बोलायचं नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने पर्स तोंडावर धरली.

"म्हणूनच तर," बाळ म्हणाला.

हवालदाराने खिशातून फुंकायचं यंत्र काढलं. बाळने फुंकलं. यंत्र गप्प. हवालदाराला यंत्राचाच संशय आला, म्हणून त्याने स्वतः फुंकून बघितलं, तर यंत्र केकाटलं. "सर्दीचं औषध घेतलंय सकाळी," तो इकडेतिकडे बघत म्हणाला आणि यंत्र घाईने खिशात घातलं.

एवढ्यात सराफ दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन धावत आला. "हीच गाडी! सारखी माझ्या दुकानावरून जातेय! हवालदार, टेहळणी आहे ही! आत बाई बसवलीय, म्हणजे कुणाला संशय येऊ नये!"

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. याच दुकानातून त्यांनी कानातली घेतली होती आणि त्यांची फिरकी वर्षात ढिली झाली होती. ज्याची फिरकी ढिली त्याने दुसऱ्याला चोर म्हणू नये, हे अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गोळीबरोबर गिळलं. काय गिळलं असेल त्या बाईने, हे ज्यांना सांगायची सवय आहे त्यांनाच कळेल.

चौकी सर्कललाच लागून, सराफाच्या दुकानाशेजारी होती. एक खोली, एक टेबल, टेबलाच्या काचेवर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं. खिळ्याला ओला रेनकोट, कोपऱ्यात खरखरणारा वायरलेस. खुर्चीवर एक तरुण फौजदार मॅडम. केस इतके घट्ट बांधलेले, की भुवयाही वर ओढल्यासारख्या. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पेन उचललं.

"आजी, नाव?"

अक्का गप्प.

"राहता कुठे?"

अक्का गप्प. पण पदर नीट केला.

"आई बोलणार नाही," बाळ म्हणाला. "शब्द दिलाय."

"कुणाला?"

"हिला."

"कधीपर्यंत?"

"डोंगरापलीकडे पोचेपर्यंत."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "अहो, मी काय लिहू? सासूने सुनेला दिलेल्या शब्दामुळे जबाब झाला नाही? वरचे साहेब मलाच तपासायला पाठवतील."

"टेहळणी लिहा," सराफ म्हणाला.

हवालदाराला कीव आली. कीव आलेला माणूस फार वाईट. तो मॅडमच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. मुकी दिसते बिचारी. आणि वयानं..." त्याने कपाळाशी बोट फिरवलं.

अक्कांची पर्स टेबलावर आपटली.

"मुकी?" अक्का म्हणाल्या. "कोण मुकी? अरे, मी बोलायला लागले तर तुझी ती शिट्टी स्वतःहून खिशात जाईल! म्हणे बिचारी! नाक पुसायला रुमाल नाही आणि दुसऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखवतोस? आणि तुम्ही हो सराफ! तुमच्या दुकानात चोर येईल कशाला? घेतलेलं सोनं कानात राहत नाही, ते त्याच्या पिशवीत काय राहणार! तिसरा रस्ता, डोंगराचा, तुमच्या फळीला लागून, मला पहिल्या फेऱ्यापासून दिसतोय! म्हणे टेहळणी!"

आणि त्या थांबल्या. थांबल्या तेव्हा कळलं, की आपण बोललो.

बाळने श्वास सोडला. मोठा, सुटल्यासारखा. "चला," तो हलकेच म्हणाला, "म्हणजे आता नाही म्हणून सांगायचं." त्याच्या चेहऱ्यावर शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं समाधान होतं. सूनबाई टेबलावरचं चहाचं एक वर्तुळ बोटाने पुसत राहिली. ते जुनं होतं, पुसलं जात नव्हतं. ती भांडली असती, रडली असती, तर अक्कांनी तिला पुरून उरून दाखवलं असतं. पण पुसणाऱ्या बोटाला काय उत्तर द्यायचं?

"मला यांचा परवाना जमा करावा लागेल," मॅडम म्हणाली. "ज्या माणसाला सर्कलमधून बाहेर पडता येत नाही त्याला मी डोंगरावर सोडू शकत नाही. माफ करा."

"येत नाही?" अक्का उठून उभ्या राहिल्या. "कुणी सांगितलं येत नाही? माझा मुलगा आहे तो! मला गाडीत बसवायचंच नाही. एकटा पाठवा. मग बघा."

"आई!" बाळ घाबरून म्हणाला.

"आई काय? ऊठ."

मॅडमने थोडा विचार केला. तिलाही त्या कोऱ्या जबाबापेक्षा हे बरं वाटलं असावं. परवाना टेबलावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "ठीक आहे. सर्कलमध्ये जा, कुठल्याही एका रस्त्याने बाहेर पडा, पुढून वळून परत या. जमलं तर परवाना घ्या आणि जा."

सगळे फुटपाथवर येऊन उभे राहिले. बाळ गाडीत बसला. मागची सीट रिकामी बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने अक्कांची उशी उचलून मधोमध नीट ठेवली. गाडी निघाली.

पहिला फेरा. समोर येताच बाळने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी ओठ आवळले. दुसरा फेरा. पुन्हा पाहिलं. लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायचा तसं. एक शब्द, फार काय, नुसती एक भुवई उचलली असती तरी त्याला कळलं असतं. अक्कांची भुवई उचलली जाऊ लागली. त्यांनी ती तशीच धरली, आणि सगळ्यांच्या देखत सर्कलकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

त्यांच्यासमोर आता सराफाच्या दुकानाची काच होती. काचेत मखमलीवर हार, हारांमधून धुकं, धुक्यातून बाळच्या गाडीचा मागचा लाल दिवा तरंगत आला. माशांपाशी गेला. जरा घुटमळला. गाडीतून दिसत होतं ते आईचं तोंड नाही, नुसती पाठ, पांढरा अंबाडा. मग तो लाल दिवा वळला. कुणी न सांगता वळला. हारांच्या मधून हळूहळू लहान होत गेला आणि विझल्यासारखा दिसेनासा झाला.

"गेला," हवालदार म्हणाला. "तिसऱ्याच रस्त्याने गेला की हो!"

अक्का वळल्या नाहीत. "मग कुठल्या जाणार?" त्या काचेला म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला काय झालं होतं ते धुक्याने झाकलं.

आता तो परत यायचा होता. आला नाही. हवालदाराने चहा आणला, तो संपला. सराफाची दोन गिऱ्हाइकं करून झाली. धुकं वरून विरळ व्हायला लागलं, माशांचे डोळे दिसू लागले, पाट्यांवरची अक्षरं एकेक बाहेर आली. बाळ नाही. मॅडम टेबलावरच्या परवान्याकडे बघायची आणि दाराकडे बघायची. "माझ्या सांगण्यावरून विनापरवाना गेलेत ते," ती कुजबुजली. "आता हे कशात लिहायचं?" अक्का चौकीतल्या बाकावर ताठ बसून होत्या. ताठ बसल्या की आतलं कुणाला कळत नाही. फक्त सूनबाई शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या हाताला हात लागेल इतकी जवळ सरकली. अक्कांनी हात काढला नाही.

मग सूनबाईचा फोन वाजला. तिने ऐकलं, डोळे मोठे केले आणि फोन अक्कांच्या कानाला लावला.

"आई, पोचलो."

"कुठे?"

"ऑफिसात. डोंगरापलीकडे. वळायचंच विसरलो गं. रस्ता दिसत गेला तसा जात राहिलो. वर गेलो तसं धुकं खाली राहिलं, आई, आणि सगळा डोंगर मोकळा, कुणीच नाही, मी एकटाच..." तो थांबला. "आणि साहेब भेटले दारातच. मी होय म्हणून टाकलं. तुला विचारायचं राहिलं."

अक्का काही बोलल्या नाहीत. कितीतरी वेळ. आता त्यांना कुणी अडवलं नव्हतं, कुणाला शब्द दिला नव्हता. पलीकडून बाळ "आई? आई?" करत राहिला.

"राहिलं तर राहिलं," शेवटी त्या म्हणाल्या, आणि फोन सुनेला देऊन मॅडमकडे वळल्या. "पोचला. न पोचायला काय झालं!"

मॅडमने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच परवाना हवालदाराच्या हातात दिला. विनापरवाना माणूस तसाच परत निघाला तर नोकरी तिची जायची. शिवाय त्याची आई आणि बायको चौकीत शिल्लक राहिलेल्या. तेव्हा परवाना, सासू आणि सून असा सगळा ऐवज घेऊन पोलिसांची गाडी डोंगराकडे निघाली. सराफ दारात उभा राहून बघत होता. अक्कांनी त्याला खिडकीतून दोन्ही कानांची फिरकी चाचपून दाखवली.

मागच्या सीटवर पाठीला उशी नव्हती. सूनबाईने आपली शाल घडी करून तिथे लावली. ऊन आलं होतं. झाडं, खांब, कुंपणं काचेवरून वाहत होती, आणि आज ती कुणाच्या सांगण्यावरून वाहत नव्हती. अक्कांनी बघता बघता डोळे मिटले.

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याला फाटा फुटला. हवालदाराने गाडी हळू केली, आरशातून मागे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "अक्का, आता कुठे?"

सूनबाईने ओठांवर बोट ठेवलं. "झोप लागलीय त्यांना. तुम्ही तुमच्या मनाने घ्या."

हवालदाराने उजवीकडे घेतलं. उजवीकडचा रस्ता खाणीपाशी जाऊन संपत होता, हे अक्कांना मिटल्या डोळ्यांनीही कळलं. पण झोपेत असलेल्या बाईने बोलावं तरी कसं? त्यांनी शाल मानेखाली नीट घेतली आणि ऊन ज्या बाजूने येत होतं तिकडे कूस वळवली.